नाव ओळखण्याची गोष्ट, बिननावाची मुलगी : एका परीकथेच्या पुनर्कथनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका लेखिकेचं, एका चित्रकाराचं आणि संपादक म्हणून माझं. ओळख पटू नये म्हणून आसपासचे तपशील बदलले आहेत. मसुद्यात काय होतं, काय कापलं आणि का, ते मात्र घडलं तसं सांगतो.

काम वरवर सोपं होतं. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंची रुम्पेलस्टिल्टस्किनची गोष्ट दहा ते तेरा वयाच्या मुलांसाठी नव्याने सांगायची. ज्यांना ती पुसट आठवते त्यांच्यासाठी थोडक्यात : पाणचक्कीवाला राजापुढे फुशारकी मारतो, की माझी मुलगी पेंढ्यातून सोनं कातते. राजा तिला पेंढ्याने भरलेल्या खोलीत कोंडतो. सकाळपर्यंत सोनं झालं नाही तर मरण. रात्री एक बुटका येतो आणि गळ्यातल्या माळेच्या बदल्यात काम करून देतो. दुसऱ्या रात्री खोली मोठी, मोबदला अंगठी. तिसऱ्या रात्री तिच्याकडे द्यायला काही उरलेलं नसतं, तेव्हा तो तिचं होणारं पहिलं मूल मागतो. राजा तिच्याशी लग्न करतो, वर्षभराने मूल होतं आणि बुटका वसुलीला येतो. तिचं रडणं पाहून तो तीन दिवसांची मुदत देतो : माझं नाव ओळख, मूल तुझंच. राणीचा निरोप्या त्याला रानात स्वतःच्या नावाचं गाणं म्हणताना ऐकतो. राणी ते नाव सांगते आणि बुटका रागाने स्वतःलाच मधोमध फाडतो.

लेखिका अनुभवी होती, मुलांसाठी बरंच लिहिलेली. तिची अट एकच होती : आजच्या मुलीने ही गोष्ट वाचून मान खाली घालू नये. मला ती पटली. आजही पटते. घोळ अटीत नव्हता.

अडचण

पहिला मसुदा नऊ हजार शब्दांचा होता. मुलीला छानसं नाव होतं. तिला धातूंची माहिती होती. पहिल्याच प्रसंगात ती राजाला सुनावते, की पेंढ्याचं सोनं होत नसतं आणि माणसांना असं कोंडून ठेवत नाहीत. बुटका एकटा पडलेला, मनाने चांगला. तो मूल मागतो, पण नुसतं खेळवायला. बाप माफी मागतो, राजा सुधारतो, शेवटी सगळे एका टेबलाभोवती बसतात.

मला पहिल्या वाचनात मसुदा आवडला, ही माझी चूक. मी समासात 'उत्तम' असं दोनदा लिहिलंय, तो कागद अजून माझ्याकडे आहे.

मग तो काही मुलांना मोठ्याने वाचून दाखवला. पहिली दहा मिनिटं शांततेत गेली, पुढे चुळबुळ सुरू झाली. वाचून झाल्यावर एका मुलीने विचारलं, "तिला कशाचीच भीती वाटत नाही, मग तो बुटका आला कशाला?" दुसऱ्याने त्यावर कडी केली : "आणि त्याला बाळ नकोच होतं, तर त्याने नाव सांगूनच टाकायचं ना."

दोघांचंही बरोबर होतं. ही सगळी गोष्ट एका सौद्यावर उभी आहे. एकीकडे हातात काहीच न उरलेली मुलगी, दुसरीकडे सोन्याचा कंटाळा आलेला आणि काहीतरी जिवंत हवं असलेला माणूस. आम्ही मुलीची निकड काढून घेतली आणि त्याची भूकही काढून घेतली. मग तीन रात्री, तीन दिवस, तीन नावं ही नुसती मोजदाद उरली. सगळ्यांना चांगलं करण्याच्या नादात गोष्टीतली एकही गोष्ट कुणाला महागात पडेनाशी झाली होती.

आणखी एक भानगड उशिरा लक्षात आली. मसुद्यातला एक प्रसंग लेखिकेला स्वतःला सुचला आहे असं वाटत होतं, पण तो लहानपणी वाचलेल्या एका आधुनिक रूपांतरातून आला होता. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम यांची गोष्ट आता सगळ्यांची आहे, तिच्यावर कुणाचा लेखनहक्क उरलेला नाही. विल्हेल्म १८५९ मध्ये गेला, याकोब १८६३ मध्ये. पण हयात अनुवादकाचं वाक्य किंवा अलीकडच्या चित्रपटातला प्रसंग कुणाचा तरी असतो. परीकथा इतक्या ओळखीच्या असतात की आपल्या डोक्यातलं काय जुनं आणि काय कालपरवाचं, ते कळत नाही. तो प्रसंग काढला. अख्ख्या प्रकरणात न भांडता झालेला तेवढा एकच निर्णय.

कोणते पर्याय तपासले

आमच्यापुढे चार वाटा होत्या.

पहिली : छापील गोष्ट जशीच्या तशी सांगायची आणि शेवटी मोठ्यांसाठी चार पानांचं टिपण जोडायचं. यात धोका नव्हता, पण मग पुनर्कथन कशाला? टिपण मुलं वाचत नाहीत, मोठेही फारसे वाचत नाहीत.

दुसरी : बुटक्याच्या तोंडून सांगायची. खलनायकाची बाजू मांडणारी पुनर्कथनं इतकी झाली आहेत की आता त्यातही ठरीव साचा आला आहे. शिवाय 'मला कुणी समजून घेतलं नाही' या सुरात ओलीस मुलीचं दुःख मागे पडतं. ही वाट मीच सुचवली होती आणि मीच मागे घेतली.

तिसरी : आजच्या काळात आणायची. राजाच्या जागी कंपनीचा मालक, पेंढ्याच्या जागी आकडेवारी, खोलीच्या जागी ऑफिस. लेखिकेने दोन पानं लिहूनही पाहिली. विनोदी जमली होती, पण 'सकाळपर्यंत नाही झालं तर मरण' हे ऑफिसात बसेना. नोकरी जाण्याची भीती खरी असते, पण नोकरी जाणं म्हणजे मरण नव्हे. धमकी हलकी झाली की पहिलं मूल देऊन टाकण्याचं वचन वेडेपणाचं वाटायला लागतं.

चौथी वाट आमच्या मनातच नव्हती. जुन्या आवृत्त्या चाळताना ती सापडली.

'मूळ गोष्ट' म्हणून आम्ही जिला धरून बसलो होतो ती १८५७ ची, ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाची त्यांच्या हयातीतली सातवी आणि शेवटची मोठी आवृत्ती. पहिल्या आवृत्तीचा पहिला भाग १८१२ चा. त्याआधी १८१० मध्ये त्यांनी क्लेमेन्स ब्रेन्टानो या कवीकडे पाठवलेलं हस्तलिखित आहे. ब्रेन्टानोने ते वापरलं नाही आणि परतही केलं नाही. पुढे ते फ्रान्सच्या अल्सास भागातल्या ओलेनबर्गच्या मठात सापडलं. त्यातली ही गोष्ट जेमतेम पानभर आहे आणि वाचताना माणूस चक्रावतो.

तिथे फुशारकी मारणारा बाप नाही. कोंडून ठेवणारा राजाही नाही. एका मुलीला जवसाचे तंतू कातायला दिलेत आणि तिच्या हातून सूत निघतच नाही, निघते ती सोन्याची तार. ती दुःखी होऊन छपरावर जाऊन बसते. सोनं हीच तिची अडचण! इवला माणूस येतो आणि सांगतो, की एक राजपुत्र येईल, तुझ्याशी लग्न करील, यातून तुझी सुटका होईल. बदल्यात पहिलं मूल मला दे. पुढे नाव शोधायला राणी आपल्या दासीला रानात पाठवते. दासी त्याला आगीभोवती पळीवर बसून फेऱ्या मारताना पाहते. नाव कळल्यावर तो त्याच पळीवर बसून खिडकीतून उडून जातो.

१८१२ मध्ये बाप आला, पेंढा आला, धमकी आली. दासी गेली. तिथे राजाच शिकारीवरून परततो आणि रानात काय ऐकलं ते सहज राणीला सांगतो. शेवटी तो माणूस रागाने निघून जातो, पुन्हा येत नाही, एवढंच. स्वतःला फाडून घेणं १८१९ च्या आवृत्तीत आलं. आणि १८५७ पर्यंत राजाच्या जागी निरोप्या आला.

म्हणजे नाव कुणी शोधलं या प्रश्नाला ग्रिमांच्याच कागदांत तीन उत्तरं आहेत : दासी, राजा, निरोप्या. गोष्टीला अनेक हात लागलेले असतात हे आपण सगळेच म्हणतो, पण त्याच दोन माणसांनी ती पन्नासेक वर्षांत इतकी फिरवली हे डोळ्यांनी पाहिल्यावर आमच्या मनावरचं दडपण उतरलं. आम्ही काही देऊळ पाडत नव्हतो. काय बदललं की काय मोडतं, एवढंच पाहायचं होतं.

चौथी वाट अशी ठरली : सौदा आणि धमकी १८५७ ची, नाव शोधणारी दासी १८१० ची, आणि मुलीच्या तोंडी एकही भाषण नाही.

काय केलं

'भाषण नाही' यावर लेखिका अडून बसली. तिचं म्हणणं, मग ती मुलगी रडण्यापलीकडे करते काय? मलाही उत्तर ठाऊक नव्हतं. ते तिनेच शोधलं, आणि १८५७ च्या मजकुरातच शोधलं.

तिसऱ्या दिवशी राणीला नाव कळलेलं आहे. तो समोर उभा आहे, बाळ न्यायला आलेला. ती काय करते? नाव सांगत नाही. आधी विचारते, "तुझं नाव कुंत्स आहे का?" नाही. "मग हाइन्त्स?" नाही. आणि मग, "की तुझं नाव रुम्पेलस्टिल्टस्किन आहे?"

ठाऊक असताना ती दोनदा मुद्दाम चुकते, तीही घरोघरी आढळतील अशी साधी नावं घेऊन. तिला धमकावलं होतं ते राजाने, विकलं होतं बापाने, बांधून घेतलं होतं याने. अख्ख्या गोष्टीत तिच्या हाती सत्ता येते ती या दोन चुकीच्या नावांपुरती, आणि ती तिची चव घेते. लेखिकेने हे मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "अहो, मी नऊ हजार शब्द लिहून हिला धीट करत बसले होते."

मग हा प्रसंग आम्ही लांबवला. पहिल्या आणि दुसऱ्या नावाच्या मध्ये राणी पाळण्याची दोरी एकदा ओढते. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये खिडकीकडे पाहते. बस्स. मुलांना पुन्हा वाचून दाखवलं तेव्हा 'हाइन्त्स'ला एक मुलगा हसून ओरडला, "तिला माहितीये!" तेव्हा कळलं की जमलं.

मुलीला नाव ठेवायचं की नाही, यावर आठवडा गेला. नाव ओळखण्याच्या या गोष्टीत नाव आहे ते फक्त त्याला. ती आधी पाणचक्कीवाल्याची मुलगी, मग राणी. त्या काळी हा विचार कुणी केला असेल असं नाही, पण आज वाचताना ते टोचतं. सगळीकडे असंच आहे असंही नाही : फ्रेंच लेखिका लेरित्ये हिने १७०५ मध्ये याच धाटणीची गोष्ट लिहिली, तिच्यातल्या नायिकेला रोझानी हे नाव आहे. मला नाव हवं होतं. लेखिकेने नकार दिला. तिचं म्हणणं, नाव दिलं की टोचणं थांबेल आणि ते थांबायला नको. शेवटी मी माघार घेतली. मात्र एक भर घातली : दासी राणीसाठी नावांची यादी बनवते तेव्हा विचारते, "आणि तुमचं?" राणी म्हणते, "ते कुणी विचारत नाही." पुढच्या ओळीत दोघी पुन्हा यादीला लागतात.

गाण्याच्या चार ओळींना मात्र सगळ्यात जास्त वेळ लागला. जर्मन ओळींमध्ये तो आज भाजणार आहे, उद्या मद्य गाळणार आहे, परवा राणीचं मूल आणणार आहे. घरातली रोजची कामं आणि बाळ पळवणं एकाच दमात, भय आहे ते तिथे. पहिल्या मसुद्यात 'दुष्ट', 'काळोख', 'सूड' असे शब्द घातले होते. ते वाचून कुणी दचकलं नाही. शेवटी असं झालं :

आज भाजेन, उद्या गाळेन,
परवा राणीचं मूल आणेन;
बरंच आहे, कुणा न ठाव
रुम्पेलस्टिल्टस्किन माझं नाव!

शेवटच्या ओळीत मात्रा सांडतात. सांडू दिल्या. ते नाव कुठल्याच चालीत बसू नये, यातच मजा आहे.

चित्रांचा प्रश्न वेगळाच निघाला. चित्रकाराने पहिल्या रेखाटनात लांब वाकडं नाक, पाठीला कुबड आणि मुठीत नाणी काढली होती. मजकुरात यातलं काहीच नाही. जर्मनमध्ये फक्त 'इवला माणूस' असा शब्द आहे. ते नाक जुन्या चित्रांतून आपोआप हातात उतरलं होतं. पण युरोपात वाकडं नाक, सोन्याचा लोभ आणि पळवलेलं मूल हे तिन्ही एकत्र आले की ते निरागस राहत नाही. ज्यूंची व्यंगचित्रं शतकानुशतकं अशीच काढली गेली, आणि ते ख्रिस्ती मुलं पळवतात ही खोटी आवई उठवून त्यांच्या कत्तली झाल्या. ग्रिमांच्या संग्रहात उघडपणे ज्यूद्वेष्टी असलेली एक गोष्टही आहे, काटेरी झुडपात नाचवलेल्या ज्यूची. चित्रकाराला यातलं काही अभिप्रेत नव्हतं. त्याला वाईटही वाटलं. नवीन चित्रात तो माणूस एखाद्या कारागिरासारखा आहे : बाह्या दुमडलेल्या, बोटांना सोन्याची धूळ, चेहरा दमलेला. त्याच ओघात 'बुटका' हा शब्दही गेला आणि 'इवला माणूस' आला.

शेवट कुठला घ्यायचा? स्वतःला फाडून घेणं मुलांना भयंकर आवडतं, पालकांना नाही. मी मुलांच्या बाजूने होतो. लेखिकेने पळी निवडली. तिचा मुद्दा असा, की तो फाटला की वाचकाचा हिशोब मिटतो, आणि खरा हिशोब तर राजाशी आहे. वाचनाच्या वेळी एका मुलाने विचारलंच होतं, "राजाने नंतर पुन्हा सोनं मागितलं नाही?" गोष्ट त्यावर गप्प आहे. १८५७ च्या राजाच्या मनात लग्नाच्या वेळी एवढंच येतं, की पाणचक्कीवाल्याची असली तरी हिच्याहून श्रीमंत बायको जगात मिळायची नाही.

म्हणून लेखिकेने पळी उडून गेल्यावर एक प्रसंग जोडला. राजा बाळाला बघायला येतो. बाळ हसतं. आणि शेवटचं वाक्य : 'राजाने पाळण्यातल्या गादीतून बाहेर आलेली पेंढ्याची काडी चिमटीत धरली आणि उजेडाकडे नेली.'

निकाल

छापलेली गोष्ट साधारण तीन हजार शब्दांची झाली, पहिल्या मसुद्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. मुलांचं म्हणाल तर दोन चुकीच्या नावांचा प्रसंग सगळीकडे चालला; मोठ्याने वाचणाऱ्यांनी सांगितलं की मुलं तिथे थांबवून पुन्हा वाचायला लावतात. दासी अनेकांना आवडली.

तक्रारी दोन आल्या. एक अपेक्षित : नाव शेवटी दुसऱ्याच कुणीतरी आणून दिलं, राणीने स्वतः का नाही शोधलं? याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. राजाची राणी रात्री एकटी रानात जाईल हे आम्हाला पटलं नाही, पण परीकथेत पळी उडते तिथे ही अडचण सांगणं जरा हास्यास्पदच आहे. दुसरी तक्रार शेवटच्या वाक्याची. काही पालकांना ते झोपण्यापूर्वी वाचायला नको वाटलं. एका बाईंनी कळवलं, की त्या पळीपाशीच पुस्तक मिटतात.

वेगळं काय करता आलं असतं

जुन्या आवृत्त्या आम्ही पहिला मसुदा फसल्यावर उघडल्या. आधी उघडायला हव्या होत्या, तीन महिने वाचले असते. रुम्पेलस्टिल्टस्किनपुरतंच हे खरं नाही. हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली १८१२ मध्ये तिची सख्खी आई आहे, सावत्र पुढच्या आवृत्तीत झाली. बेडूक राजपुत्र होतो तो ग्रिमांकडे चुंबनाने नव्हे, राजकन्येने भिंतीवर आपटल्याने. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या गोष्टीत लांडगा लाल टोपीवालीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. तिला सोडवणारा लाकूडतोड्या नाही की शिकारी नाही. आपण 'आधुनिक' म्हणून जे करायला जातो ते कधीकधी जुन्या कागदांत आधीच पडलेलं असतं, आणि जे 'मूळ' म्हणून जपतो ते नंतर शिवलेलं ठिगळ असतं.

मुलांपुढे वाचनही आधी व्हायला हवं होतं, तेही मी समासात 'उत्तम' लिहिण्याआधी. चित्रकाराला मजकूर पक्का झाल्यावर बोलावणं ही तिसरी चूक. तो पहिल्या दिवसापासून सोबत असता तर नाकाची चर्चा रेखाटनावर नव्हे, शब्दांवर झाली असती आणि त्याच्यावर खजील व्हायची वेळ आली नसती.

राजाच्या चिमटीतल्या काडीबद्दल लेखिकेचं आणि माझं अजून जुळलेलं नाही. मला वाटतं, वाक्य एक ओळ आधी, बाळाच्या हसण्यावर थांबवलं असतं तरी भीती पोचली असती. ती म्हणते, काडी नसेल तर तो नुसता बाप दिसतो. पुढच्या छपाईचे खर्डे आलेत आणि काडी जागच्या जागी आहे.